वीस घरांची ओळ

दयारामभाऊ, देवकावहिनींनी परवा तुमचं मशीन माझ्या हातात ठेवलं. पिशवीसकट, गळ्यात घालायच्या पट्ट्यासकट. म्हणाल्या, "घ्या बाई. हे ना बोलते, ना वाजते. आमच्या घरी याचं कोणाले काय समजन?"

तुम्हाला जाऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते. त्या सकाळी तुम्ही चहा घेतला, पिशवी खांद्याला लावली आणि दारात बसून चपला घालू लागलात, ते पुन्हा उठलाच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. वहिनी एवढंच सांगतात की एक चप्पल पायात होती आणि दुसरी हातात.

तुमच्या घरी बसायला आलेल्या बायका मला ऐकू येईल अशा आवाजात एकमेकींना विचारत होत्या, ही कोण? एक म्हणाली, "तुमसरची मास्तरीण आहे. तीबी आंधळी आहे म्हणते." बरोबरच सांगितलं तिनं. फक्त एक शब्द राहिला. मी आंधळी आहे आणि *अजून* मास्तरीण आहे. तो 'अजून' तुमच्यामुळे आहे, हे त्या ओसरीत मला बोलता आलं नाही. म्हणून आता बोलते.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आलात तेव्हा मी आतल्या खोलीतून बाहेर येत नव्हते. चिखल्याहून तुमसरपर्यंत बसनं, आणि स्टँडवरून काठी टेकत, विचारत विचारत तुम्ही आलात. माझ्या डोळ्यांचा पडदा चाळिशीच्या आतच खराब होत गेला होता. आधी संध्याकाळचं दिसेना, मग बाजूचं दिसेना, शेवटी समोरचंही गेलं. सिहोऱ्याकडच्या एका गावात मी पाचवीचा वर्ग शिकवत होते. सहा महिने रजेवर होते आणि राजीनामा लिहून कपाटात ठेवला होता. चांगल्या जाड कागदावर, मिस्टरांकडून लिहून घेतलेला. कोणी मागितला नव्हता. हेडमास्तर तर म्हणत होते, "नोकरीत असताना डोळे गेले तर कोणी काढू शकत नाही, मॅडम, तसा कायदाच आहे. पण वर्गात तुम्ही काय कराल, ते मलाही सुचून नाही राहिलं." मलाही सुचत नव्हतं.

माझ्या मिस्टरांनी तुमचं नाव कुठूनतरी ऐकलं होतं. चिखल्याचा एक माणूस आहे, खाणीत होता, डोळे गेले, आता तालुकाभर हिंडून आंधळ्यांना वाचायला शिकवतो. मला ते ऐकूनच राग आला होता. खाणीतला माणूस मला वाचायला शिकवणार?

तुम्ही बैठकीत बसलात, चहा घेतलात आणि ते मशीन माझ्यासमोर टेबलावर ठेवलंत. मी हात लावला नाही. तुम्ही सांगत राहिलात. कंपासपेटीएवढं आहे. वर टाइप करायची बटणं आहेत. खाली एक ओळ आहे, त्या ओळीत वीस घरं आहेत, आणि प्रत्येक घरात बारीक ठिपके वर येतात, खाली जातात. एक ओळ वाचून झाली की बटण दाबायचं, दुसरी ओळ येते. अख्खं पुस्तक त्याच्यात मावतं.

मी म्हटलं, "माझा फोन बोलतो. पेपर वाचून दाखवतो, मेसेज वाचून दाखवतो. मले ब्रेल कायले पाहिजे?"

"बोलते ना, चांगलं बोलते," तुम्ही म्हणालात. "पण थो वाचते, मॅडम. तुमी कधी वाचान?"

त्यावर मी जे बोलले ते आज लिहिताना अजून जड जातं. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही खाणीत होते. तुम्हाला वाचायचं कधी काम पडलं? मी पंधरा वर्षं झाले शिकवून राहिली."

तुम्ही मात्र शांतपणे म्हणालात, "खरं आहे. डोळे होते तवा मी सहीपुरतंच वाचलं. पयलं पुस्तक आंधळा झाल्यावर वाचलं." आणि काठी उचलून निघालात. दारातून म्हणालात, "फोन ठेवा, मॅडम. फोननं शिकवून पाहा. नाई जमलं तर मले आवाज द्या."

मी माफी मागितली नाही. तेव्हाही नाही आणि नंतर इतक्या वर्षांतही नाही. आपण इतकं बोललो, पण त्या वाक्याला दोघांनीही कधी हात लावला नाही. तुम्ही विसरला होता असं मी स्वतःला सांगत आले. तुम्ही काही विसरणारे नव्हता.

रजा संपली आणि मी फोन घेऊन वर्गात गेले. धडा फोनमध्ये होता, एका कानात इअरफोन. फोन माझ्या कानात एक वाक्य म्हणायचा आणि मी ते मोठ्यानं वर्गाला सांगायचे. आठ दिवस मला वाटलं, जमलं. नवव्या दिवशी तिसऱ्या बाकावरच्या रोशनीला चक्कर आली. नंतर पोरांनी सांगितलं, ती तीन वेळा "मॅडम" म्हणाली होती. माझ्या एका कानात फोन बोलत होता आणि तोंडानं मी बोलत होते. मला ऐकू आला तो फक्त ती खाली पडल्याचा आवाज. तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, पाणी पाजलं, बिस्किटं दिली, ती उठून बसली. तिला काही झालं नाही. पण तीन हाका माझ्यापर्यंत पोचल्या नाहीत, आणि वर्गात माझ्याकडे हाका सोडून दुसरं उरलं तरी काय होतं? पोरांचे चेहरे तर गेलेच होते.

मधल्या सुट्टीत मी तुम्हाला फोन लावला. रोशनीचं सांगितलं. तुम्ही "मी सांगितलं होतं" असं म्हणाला नाहीत. म्हणालात, "कान पोराइसाठी ठेवा, मॅडम. वाचाचं काम बोटाले द्या. उद्या येतो."

आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी आलात. मग दर रविवारी आलात.

शिकणं सोपं नव्हतं, हे मी आता ज्याला त्याला स्पष्ट सांगते. सुरुवातीला ते ठिपके म्हणजे बोटाखाली नुसती वाळू लागायची. पंधरा वर्षं दुसऱ्यांना वाचायला शिकवलेली बाई मी, आणि 'कमल' हा शब्द वाचायला मला अर्धा मिनिट लागायचा. एकदा मी मशीन ढकलून दिलं आणि रडले. तुम्ही ते खाली पडता पडता धरलंत, तेही दिसत नसताना. आणि मग तुम्ही तुमच्या बोटांची गोष्ट सांगितलीत.

डोळ्यांची नस सुकत गेली आणि खाणीचं काम सुटलं, तेव्हा तुम्ही बेचाळीस वर्षांचे होता. नागपूरच्या एका संस्थेत चार महिने ब्रेल शिकायला राहिलात. तिथली शाळकरी पोरं पटापट वाचायची, तुम्हाला हसायची, आणि तुमच्या बोटांना काही लागायचंच नाही. वीस-बावीस वर्षं लोखंड आणि दगड धरून कातडं घट्ट झालेलं. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात बोटं भिजवून पाहिलीत, खोबरेल तेल लावलंत. शिकवणारे म्हणाले, राहू द्या भाऊ, तुमचं वय झालं. मग एका दिवशी तुम्ही एकेक करून दहाही बोटं त्या ठिपक्यांवर फिरवून पाहिलीत, आणि डाव्या हाताच्या अंगठीच्या बोटाला 'ल' लागला. त्या बोटाला कातडं कमी घट्ट होतं. जगात कोणी त्या बोटानं ब्रेल वाचत नसेल. तुम्ही वाचलंत. चार महिन्यांनी पोरं हसायची थांबली आणि संस्थेनं जाताना हे मशीन तुम्हाला दिलं.

"तुमचे बोटं खडूचे आहेत, मॅडम," तुम्ही म्हणालात. "नरम आहेत. तुमाले रडाचा काई अधिकारच नाई."

मला इतकं हसू आलं की रडणं थांबलं.

त्याच महिन्यात ती रुजू होण्याच्या अर्जाची गंमत कळली. आठवतं? मी फोनला बोलून अर्ज लिहिला होता, "मी सोमवारपासून शाळेत रुजू होत आहे." फोननं लिहिलं, "मी सोमवारपासून शाळेत रडू होत आहे." हेडमास्तरांनी काही न बोलता फाईलला लावला आणि महिन्यानं एका शिक्षिकेनं हळूच सांगितलं. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही ओसरीवर हसून हसून खोकलायला लागलात. मग म्हणालात, "पाहा. ऐकलं तर रुजू अन् रडू एका झटक्यात निघून जाते. बोटाखाली आलं असतं तर रडूवर बोट अडलं असतं." मला ते पटलं. इतके महिने मी नुसतं ऐकत होते. ह्रस्व-दीर्घ, जोडाक्षरं, परिच्छेद कुठं संपला, सगळं माझ्यातून निसटत चाललं होतं. ते हळूहळू बोटांतून परत आलं.

मी बऱ्यापैकी वाचू लागले तेव्हा तुम्ही मशीन माझ्याकडेच ठेवलंत. मला संस्थेकडून माझं मिळायला आठ महिने लागले. ते आठ महिने तुम्ही पाटी आणि टोचणी घेऊन कागदावर एकेक ठिपका टोचत बसलात. मी विचारलं, तुमचं कसं चालतं? म्हणालात, "माह्यं काय, मी रविवारचा मास्तर. तुमी रोजच्या."

राजीनाम्याचा कागद मी फाडायला काढला होता, तो तुम्ही फाडू दिला नाहीत. "जाड आहे ना? मंग द्या मले. टोचाले चांगला." त्या कागदावर तुम्ही बाराखडी टोचून एका माणसाला दिलीत. कोणाला, ते मला कधी कळलं नाही.

आणि तो वर्ग. गळ्यात पट्टा, पोटाशी मशीन, डावा हात ओळीवर, उजवा हात मोकळा. दोन्ही कान उघडे. मी धडा वाचत होते आणि मागच्या बाकावर काहीतरी खुसखुस आणि चोखणं चाललं होतं. मी वाचता वाचताच, मान वर न करता म्हटलं, "सागर, ती चिंच माझ्या टेबलावर आणून ठेव." मग एक पोरगी हळूच म्हणाली, "मॅडमले दिसून राहिलं का बे?" भाऊ, डोळे गेल्यापासून मला त्या दिवशी पहिल्यांदा मी पुरी वाटले. घरी येऊन तुम्हाला फोन केला तर तुम्ही विचारलंत, "चिंच कोणी खाल्ली?" मी म्हटलं, मी खाल्ली.

आता त्या शेवटच्या भांडणाकडे येते.

आंबागडच्या यमुनाबाईचं तुम्ही मला जाण्याच्या आदल्या दिवशी फोनवर सांगितलंत. जंगलातलं काम करणारी बाई, साठीच्या जवळ आलेली, तेंदूपत्ता तोडून पुडे बांधणारी. तुमच्यासारखीच तिचीही नस सुकली. दोन वर्षं झाली, घरात एका जागी बसलेली असते. तुम्ही म्हणालात, तिला मशीनवर शिकवायला उद्या चाललो.

मी विचारलं, "ती शिकलेली किती?"

"शाळेत गेलीच नाई."

"भाऊ, जिले डोळे असताना अक्षर येत नव्हतं, तिले आता ब्रेल? तिले बोलणारा फोन द्या. गाणे ऐकन, पोरीसोबत बोलन. कायले त्रास देता तिले?"

तुम्ही म्हणालात, "मॅडम, त्या बाईनं साऱ्या जिंदगीत ऐकलंच आहे. ठेकेदाराचं ऐकलं, नवऱ्याचं ऐकलं, आता सुनेचं ऐकून राहिली. अजून एक बोलणारा कायले देऊ तिले?"

"हे बोलायला बरं आहे. पण जमलं नाही तर ती अजून खचेल."

"अन् जमलं तर?"

"नाही जमणार, भाऊ."

तेवढ्यात शाळेची घंटा झाली. मी म्हटलं, "चला, मग बोलू," आणि फोन ठेवला. तुमच्याशी बोललेला माझा शेवटचा शब्द म्हणजे ते 'मग बोलू'. त्याच्या आधीचा, 'नाही जमणार'. तुमच्या ओसरीत मी खूप वेळ त्या दोन वाक्यांजवळ बसून होते. मला कळलं की पहिल्या दिवशी तुम्हाला जे बोलले तेच मी यमुनाबाईबद्दल पुन्हा बोलले. एवढी वर्षं तुमच्याकडून शिकले आणि तेवढंच शिकायचं राहिलं.

मशीन घरी आणून चार्जिंगला लावलं. सुरू झालं तसं तुम्ही जिथे थांबला होता तीच फाईल उघडली. तुमच्या बोलीतली, तुम्ही बोलत होता तशीच लिहिलेली, तुमची मराठी. मी नेहमी तुमचं 'ले' खोडून 'ला' करायला सांगायचे आणि तुम्ही नेहमी 'हो' म्हणून 'ले'च लिहायचे. ओळ संपली की बटण दाबत मी ओळीमागून ओळ वाचली:

"यमुनाबाई आंबागड. पयला दिवस अक्षर नाई सांगाचं. भरलेलं घर अन् रिकामं घर ओळखाले लावाचं. पुडे बांधते म्हंजे बोटं हुशार आहेत. घाई नाई कराची. मॅडम म्हंते नाई जमणार. जमलं तर मॅडमले घेऊन याचं."

त्याच्या खाली आणखी सहा जणांची नावं होती. गाव, वय, कोणतं बोट चांगलं. एका नावापुढे "लाजते", एका नावापुढे "बायको शिकू देत नाई, पुन्हा जाचं".

भाऊ, मी ते तीन वेळा वाचलं. रागही आला. मला घेऊन जायचं होतं तर आधीच न्यायचं होतं. आणि तुमचं सगळंच बरोबर होतं असंही मी म्हणणार नाही. फोनचा तुम्ही उगाच तिरस्कार केलात. तुमच्या जागी फोन नीट वापरणारा कोणी असता तर त्या सहा जणांपैकी निम्म्यांना घरबसल्या शिकवता आलं असतं. त्यावर आपलं भांडण व्हायचं राहिलंच. मी माझ्या पद्धतीनं करणार आहे. बोट आणि कान, दोन्ही. तुम्ही असता तर कुरकुर केली असती. करा.

काल रविवार होता. मिस्टर सोबत येतो म्हणत होते, मी नको म्हटलं. तुम्ही एकटे जात होता ना. आंबागडच्या बसमध्ये कंडक्टरला दोनदा सांगून ठेवलं, तरी तो विसरला आणि गाव मागे गेल्यावर त्याला आठवलं. भर उन्हात, काठी टेकत, एका सायकलवाल्याच्या मागे मागे परत आले. पाय दुखले, दोनदा ठेचकाळले. तुम्ही हे किती वर्षं केलंत, आणि मी एकदाही विचारलं नाही, भाऊ, दमता का?

यमुनाबाईच्या सुनेनं खाट टाकली, पाणी दिलं. यमुनाबाई म्हणाली, "थे भाऊ येनार होते. नाई आले."

मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग तुमी काहून आल्या?"

"त्यांचं काम करायला."

"मले काई येत नाई, बाई. मी शाळा पाह्यली नाई."

"मी पाहिली आहे, तरी मलेबी आधी काही येत नव्हतं. हात द्या."

तिची बोटं मी ओळीवर ठेवली. तुम्ही लिहिलं होतं तसंच केलं. आधी सगळी घरं भरली. मग तिसरं रिकामं, नववं रिकामं. ती बोट नेऊ लागली. घाईनं नाही, एकेक घर चाचपत. तिसऱ्यावर थांबली. "येथं काई नाई," म्हणाली. पुढे गेली, नवव्यावर थांबली. "येथंबी नाई." मी जागा बदलल्या. तिनं पुन्हा शोधल्या. एकदाही चुकली नाही. माझी बोटं पहिल्या दिवशी चार वेळा चुकली होती, हे मी तिला सांगितलं नाही.

मी घाई करायची नाही असं ठरवून गेले होते. पण तिनंच विचारलं, "अक्षर कोनतं असते?" मी 'म' टाइप केला. डावीकडे वर एक, खाली एक, उजवीकडे वर एक. तिनं बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. मग मी वीस घरांत वेगवेगळे ठिपके भरले आणि मध्ये कुठेतरी तीन 'म' टाकले. तिला म्हटलं, शोधा. ऊन ओसरीवरून सरकत माझ्या पायांवर आलं. एक सापडला. दुसऱ्याला वेळ लागला. सुनेनं आतून आवाज दिला, "आई, भात झाला, पानी टाकून ठेवू का हात धुवाले?" यमुनाबाईचं बोट पुढच्या घरावर गेलं. सून बाहेर येऊन उभी राहिली. "आई, बाईले जाचं असन ना, बस निघून जाईन. उठा आता."

यमुनाबाईनं ओळीवरचं बोट उचललं नाही.

"तुमी जेवून घ्या," ती सुनेला म्हणाली. "मी शिकून राहिली."